विलीनीकरण हरले, भाऊसाहेब जिंकले

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. खाण व्यवसायातून ते श्रीमंत झाले, पण त्यांचे राजकारण उभे राहिले ते कुळे, मुंडकार आणि कष्टकऱ्यांच्या मतांवर. डिसेंबर १९६३ मध्ये त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. भाटकारांच्या जमिनीत राबणाऱ्या बहुजनांना प्रथमच आपला माणूस खुर्चीवर दिसला. १९६४ चा कूळ कायदा आणि खेड्यापाड्यांत उघडलेल्या शाळा ही या सरकारची मोठी कामे.

गोवा महाराष्ट्रात विलीन करणे हे पक्षाचे मुख्य उद्दिष्ट होते. तसे झाले असते तर गोव्याचे मुख्यमंत्रिपदच उरले नसते. तरीही भाऊसाहेबांनी मागणी सोडली नाही. जनमत कौल निःपक्ष व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये ते पायउतारही झाले.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित गोवा. नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील, दारूबंदी आली तर रेंदेराचे पोट कसे भरेल, कोकणीचे काय होईल, हे प्रश्न एका बाजूला होते. गोवा वेगळा राहिला तर भाटकारशाही परतेल ही कुळांची धास्ती आणि मराठीची ओढ दुसऱ्या बाजूला होती. पोटाचा विचार आणि समाजाचा विचार दोन्हीकडे होता. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

दोनच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि मतदारांनी भाऊसाहेबांनाच पुन्हा सत्ता दिली. १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत ते मुख्यमंत्री होते.

वेगळे मत देणाऱ्याला आपल्या चळवळीत लगेच स्वार्थी किंवा विकला गेलेला ठरवले जाते. आम्हाला हे पटत नाही. जमीन टिकावी म्हणून मत देणारे कूळ स्वतःपुरते बघते, पण अशी हजारो कुळे एकत्र आली की तोच लोकहिताचा प्रश्न होतो. रेंदेराच्या पोटालाही हाच न्याय लावावा लागेल. तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच: ग्रामसभेत ठरावावर हात वर करण्याआधी यात नुकसान कोणाचे होणार, हे विचारा आणि त्या माणसाला आधी बोलू द्या.