ग्रहणाची वाट न पाहणारा सूर्यनिरीक्षक

करोना हा शब्द विषाणूमुळे घरोघरी पोहोचला. पण विषाणूला ते नाव मिळाले सूर्याच्या प्रभामंडळावरून. सूर्यबिंबापेक्षा सुमारे दहा लाखपट फिके असलेले हे मंडळ १९३० पर्यंत फक्त खग्रास ग्रहणात, तेही काही मिनिटेच दिसे. ढग आले की सारा खटाटोप वाया जाई.

ही अडचण दूर केली बर्नार लिओ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने. त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८९७ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील शल्यचिकित्सक होते. लिओ सात वर्षांचे असताना ते वारले. दुर्बिणीतच कृत्रिम ग्रहण घडवण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. लिओंनी रोगाचे मूळ दुर्बिणीत शोधले. भिंगातील बुडबुडे, ओरखडे, धूळ आणि भिंगाच्या कडेवरून पसरणारा प्रकाश यांमुळे प्रभामंडळ झाकले जात होते. त्यांनी निर्दोष भिंग निवडले, सूर्यबिंब तबकडीने झाकले, कडेचा प्रकाश पडद्याने अडवला. पिरेनीजमधील पिक द्यु मिदी या सुमारे २,८७० मीटर उंच शिखरावर १९३० मध्ये त्यांना ग्रहणाविना प्रभामंडळ दिसले.

पुढचा प्रश्न होता हवा तोच रंग निवडण्याचा. १९३३ मध्ये त्यांनी एका नव्या फिल्टरची कल्पना मांडली. पोलरायझरांच्या मधे स्फटिकाच्या चकत्या, प्रत्येक चकती आधीचीपेक्षा दुप्पट जाड. सर्वांत जाड चकती प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टा ठरवते, बाकीच्या नको असलेले पट्टे गाळतात. तापमान बदलले की पट्टा सरकतो, म्हणून ते स्थिर राखावे लागते. आतले भाग फिरवून हा पट्टा हव्या त्या रंगावर आणण्याची सोयही पुढे झाली, जणू रेडिओचे स्टेशन लावावे तशी.

अतिनील किरणांसाठी मात्र शिखरही अपुरे. त्वचा आणि डोळ्यांना घातक असलेले हे किरण बव्हंशी ओझोन अडवतो. आपल्याला तो तारक, सूर्यनिरीक्षकाला अडसर. म्हणून दुर्बीण अंतराळात न्यावी लागते. पुण्याच्या ‘आयुका’ने साकारलेली, ‘आदित्य-एल१’ यानावरील ‘सूट’ दुर्बीण ११ फिल्टरांतून २०० ते ४०० नॅनोमीटरमधला सूर्य टिपते. त्याच यानावरचा करोनाग्राफ लिओंच्याच युक्तीचा वारस आहे.

फेब्रुवारी १९५२ मध्ये लिओ खग्रास ग्रहण पाहण्यासाठी सुदानला गेले. परतताना २ एप्रिलला, इजिप्तमध्ये रेल्वेतच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. ग्रहणावाचून सूर्य दाखवणाऱ्या या माणसाचा शेवटचा प्रवास ग्रहणासाठीच झाला.