शीलाचे गुण देणारा शिक्षक

श्रीनगरच्या मिशन शाळेचे मुख्याध्यापक सेसिल टिंडेल-बिस्को यांचा जन्म इंग्लंडात १८६३ साली झाला. १८९० मध्ये ते काश्मिरात आले. शाळेतील बहुतेक विद्यार्थी ब्राह्मण. पाठांतरात निपुण, परंतु अंगमेहनतीस कमीपणा मानणारे. वल्हे मारणे हे हांजी नावाड्यांचे काम आणि चामड्यास शिवणे हा विटाळ, अशी त्यांची समजूत होती. १८९१ मध्ये बिस्कोसाहेबांनी चामड्याचा फुटबॉल आणून मुलांस सक्तीने खेळावयास लावले. पुढे नौकानयन आले. पोहणे न शिकणाऱ्यास फी अधिक पडे. गुण देताना बुद्धी, शरीर आणि शील या तिहींस त्यांनी सारखेच मोल दिले. त्यांची शिस्त कठोर, प्रसंगी अतिरेकीही होती. परंतु तीतून तयार झालेली मुले आगीत, महापुरात व पटकीच्या साथीत परक्यांच्या मदतीस धावली. धर्मांतरे थोडी झाली, म्हणून स्वकीयांनी त्यांस दोष दिला. तरी त्यांनी मार्ग सोडला नाही. १९४९ साली ते निवर्तले.

आपली ज्ञातिसंस्था दरवर्षी गुणपत्रिका पाहून पारितोषिके देते. त्यांत एखादे सेवाभावी, निर्भय मुलामुलीसाठी असावे, ही ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.