धर्मानंद कोसंबी : धर्माचा इतिहास पालीतून वाचणारे आचार्य

बेंबळीतून धाराशिवला कॉलेजला जाणाऱ्या आमच्या पोरापोरींसमोर दरवर्षी जूनमध्ये तोच प्रश्न उभा राहतो. बी.ए.ला इतिहास घ्यावा की पाली? इतिहासात बुद्ध दोन पानांत आटोपतो, अशी तक्रार. पालीत मार्क बरे पडतात, एवढेच कौतुक. दोन्ही विषय एकमेकांशिवाय अर्धे आहेत, हे फारसे कुणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्याविषयी लिहीत आहोत. ते आंबेडकरी चळवळीतले नव्हते. जन्माने गौड सारस्वत ब्राह्मण, राजकारणाने गांधीजींच्या जवळचे. तरी त्यांचे ऋण मानायला आम्हाला संकोच वाटत नाही.

9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शाळा थोडीच झाली. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या माणसाने त्यांना पछाडले. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. ज्ञानासाठी घर सोडणाऱ्या पुरुषांच्या कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. मागे राहिलेल्या बाईने काय सोसले, याची नोंद मात्र कमीच असते. बाळाबाईंचे नावही आपल्यातील कितीजणांना ठाऊक आहे?

पुण्यात त्यांना डॉ. रा. गो. भांडारकर भेटले. पुढे काशीला अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत व्याकरण केले. बौद्ध धर्म शिकायला मिळेल म्हणून ते नेपाळात गेले आणि निराश झाले. तिथून बुद्धगया, मग 1902 साली सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. नंतर ब्रह्मदेशातही राहिले. ज्या भूमीत बुद्ध फिरले, तिथल्या माणसाला बुद्धवचन शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, ही आपल्या इतिहासाची शोकांतिका आहे.

परतल्यावर त्यांना कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवायचे काम मिळाले. पण हे ज्ञान मराठी माणसापर्यंत जावे, ही त्यांची तळमळ होती. सयाजीराव गायकवाडांनी महिना 50 रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. कोसंबींनी कलकत्त्याची जास्त पगाराची जागा सोडून ते 50 रुपये पत्करले. मुंबई विद्यापीठात पालीचा अभ्यासक्रम सुरू व्हावा म्हणून त्यांनी भांडारकरांच्या साथीने खटपट केली आणि ती यशस्वी झाली. 1912 पासून सहा वर्षे ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. पु. वि. बापटांसारखे विद्वान तिथेच तयार झाले. आज छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठात पाली आणि बुद्धिझमचा विभाग आहे. तिथे प्रवेश घेणाऱ्याने ही वाट कुणी पाडली, हे विसरू नये.

त्यांचे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटणारे काम म्हणजे 1940 च्या सुमारास आलेला ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कोसंबींनी साधा प्रश्न विचारला : एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता? मग त्यांनी जुनी सुत्ते काढली. ही कथा मुळात विपस्सी बुद्धाची, ती पुढे गौतमाला चिकटवली गेली, असे त्यांनी दाखवले. अरियपरियेसन सुत्तात तर आईवडील रडत असताना, उघडपणे घर सोडल्याचे येते. मध्यरात्रीचे पलायन तिथे नाही. अत्तदंड सुत्ताच्या आधाराने त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलिय यांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील भांडणात शोधले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही चार दृश्यांची कथा नाकारलेली आहे आणि तीच रोहिणी आहे. पाण्यावरून माणसे एकमेकांवर कशी उठतात, हे आम्हा मराठवाड्यातल्यांना वेगळे सांगायला नको.

श्रद्धा बाजूला सारण्याची गरज त्यांना पडली नाही. कोणता थर जुना, कोणता नंतरचा, एवढेच ते भाषेच्या आधारे तपासत होते. आपल्या जिल्ह्यातल्या तेरला जाऊन त्रिविक्रम मंदिराची मागची अर्धगोल बाजू आणि विटांचे छत पाहा. अनेक अभ्यासक त्याला मूळचे बौद्ध चैत्यगृह मानतात. ते ओळखायला नुसती भक्ती पुरत नाही आणि नुसत्या सनावळ्याही पुरत नाहीत.

1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले, तुरुंगात गेले. पुढे परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजन विहार काढला, तोही बिर्लांच्या पैशातून. या जोडीबद्दल आमचे मतभेद आहेत, ते असू द्या. काही काळाने त्यांनी तो विहार सोडला. जून 1947 मध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर अखेरीस मोठा प्रभाव होता. असा शेवट आम्हाला मध्यम मार्गाचा वाटत नाही. त्यांचे थोरले काम मान्य करूनच आम्ही हे म्हणतो.

एक हिशेब राहिला. 1910 साली ते हार्वर्डला गेले ते ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी. वॉरन यांचे अपुरे राहिलेले काम त्यांना पुरे करायचे होते. पण ग्रंथावर श्रेय कुणाचे, यावरून प्रोफेसर लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि 1912 साली ते परतले. नंतर पुन्हापुन्हा जाऊन त्यांनी ते तडीस नेले. दरम्यान भारतीय विद्या भवनातर्फे त्यांची देवनागरी आवृत्ती 1940 मध्ये निघाली. हार्वर्डची आवृत्ती छापून आली 1950 साली. तिच्यावर वॉरन यांच्यासोबत कोसंबींचे नाव होते, पण ते पाहायला ते उरले नव्हते.