वारा मोजणाऱ्या ॲना मणी

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या गल्लीतली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. तिला हवामानशास्त्र शिकायचं होतं. आईचे प्रश्न दोनच. ही पदवी मिळते कुठे, आणि पुढे मुलीच्या जातीला त्यात कोण विचारणार? मी पडले आर्ट्सची! चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा कळलं, की आपल्याकडे बहुतेक मुलं आधी फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. करतात आणि एम.एस्सी.ला हवामानाकडे वळतात. पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाशशास्त्राची एम.एस्सी. आहे. पहिल्या प्रश्नाचं काम झालं. दुसऱ्याचं उत्तर शोधताना मला ॲना मणी भेटल्या.

ॲनाचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, केरळातल्या पीरमेडचा. वडील इंजिनिअर, वेलदोड्याच्या बागा, घरात आठ भावंडं आणि ही सातवी. घर सुखवस्तू, पण रीत ठरलेली. मुलांनी शिकून मोठं व्हायचं, मुलींनी नांदायला जायचं. आठव्या वाढदिवसाला मुलींना हिऱ्यांच्या कुड्या द्यायची त्या घरात पद्धत होती. ॲनाने कुड्या नाकारल्या आणि त्याऐवजी ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’चे खंड मागितले. आपल्या घरी आठ वर्षांच्या पोरीने असं केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, हे मी स्वतःलाच विचारून पाहिलं. उत्तर काही फारसं बरं आलं नाही.

१९२५ मध्ये वायकोमच्या सत्याग्रहासाठी गांधीजी त्या भागात आले, त्याचा तिच्यावर खोल ठसा उमटला. पुढे तिने खादी धरली ती कायमची. बहिणींची लग्नं होत होती, ही शिकत राहिली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये फिजिक्सची ऑनर्स पदवी घेतली. हवामानाचा तोवर कुठे संबंधच नव्हता!

१९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि ॲना बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली आली. याच संस्थेत १९३३ मध्ये आपल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाईंची धाकटी बहीण, यांना केवळ बाई म्हणून रामन यांनी आधी नकार दिला होता. कमलाबाई अडून बसल्या, तेव्हा दार उघडलं. ॲनाच्या वेळीही मुलामुलींनी एकमेकांशी बोललेलं रामन यांना खपत नसे.

आणि तिला काम काय मिळालं? हिऱ्यांचा अभ्यास! कुड्या नाकारणाऱ्या मुलीने तीसच्या वर हिरे तपासले, त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे फोटो घेतले. एकेका फोटोला पंधरा-वीस तास लागत, म्हणून कधी कधी रात्री प्रयोगशाळेतच झोपायची. १९४२ ते १९४५ या काळात तिच्या एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध छापून आले. ऑगस्ट १९४५ मध्ये तिने मद्रास विद्यापीठाला पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. विद्यापीठ म्हणालं, एम.एस्सी. नाही, तर पीएच.डी.ही नाही. झालं, एवढंच! पाच वर्षांची मेहनत एका नियमाने बाजूला सारली.

कागदावर एक पदवी कमी म्हणून हातातलं काम मोजलं जात नाही, हे आपण अंगणवाडीपासून बँकेपर्यंत पाहतोच. मला वाटतं, मी तिच्या जागी असते तर घरी परत गेले असते. ॲना गेली नाही. त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर ती सैनिकांच्या जहाजातून इंग्लंडला निघाली. फिजिक्सच करायचं होतं, पण जागा शिल्लक होती ती हवामानाच्या उपकरणांची. तिने तीच घेतली. हवामानशास्त्र तिच्या आयुष्यात आलं ते हे असं.

१९४८ मध्ये परत आल्यावर ॲना मणी पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. पुण्याच्या शिवाजीनगरला ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना ‘शिमला ऑफिस’ माहीत असेल. ते हेच खातं, १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलेलं. देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि हवामानाची साधी साधी उपकरणंही परदेशातून यायची. पाऊस, ऊन, वारा, हवेचा दाब मोजणाऱ्या जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे ॲनाबाईंनी नक्की केले आणि ती इथेच बनवायला घेतली. १९५३ मध्ये त्या या विभागाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा हाताखाली १२१ पुरुष होते. बाई कडक होत्या. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. स्वयंपाकघरातला तराजू खोटा असेल तर लाडवाचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको!

१९५७-५८ च्या सुमारास त्यांनी देशभर ऊन मोजणारी केंद्रं उभी केली. पुढे ओझोन मोजायचं उपकरण इथेच बनवलं, जे फुग्याला बांधून आकाशात सोडतात. थुंब्याला अग्निबाण उडवायची तयारी सुरू झाली, तेव्हा १९६३ मध्ये विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून तिथली वेधशाळाही त्यांनीच उभारली. १९६९ नंतर दिल्ली, आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्ती. तरी हात थांबले नाहीत. कुठे किती ऊन पडतं याची जाडजूड पुस्तकं १९८० आणि १९८१ मध्ये निघाली. मग वारा. पवनचक्की लावायची तर आधी वारा किती आणि कुठून हे ठाऊक हवं, म्हणून देशभरात सातशेवर जागी मोजमापाची सोय त्यांच्या पुढाकाराने झाली. बंगळुरूला वारा आणि ऊन मोजणारी उपकरणं बनवायचा छोटा कारखानाही काढला.

लग्न केलं नाही. डोंगर, पक्षी, संगीत यांची आवड होती. १९९४ मध्ये अर्धांगाचा झटका आला, आणि १६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरमला त्या गेल्या. नावापुढे डॉक्टर कधी लागलंच नाही. तो नाकारलेला प्रबंध मात्र रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात जपून ठेवला आहे.

हे सगळं मी त्या मुलीच्या आईला चहा पिता पिता सांगितलं. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, बी.एस्सी.च्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?