एकाच तळ्याचा चित्रकार

एकाच तळ्याची चित्रे माणसाने किती काढावीत? फ्रान्समधील थोर चित्रकार क्लोद मोने यांनी आपल्या बागेतल्या तळ्याची सुमारे २५० चित्रे काढली. त्यांची ही अल्पशी हकीकत.

मोने यांचा जन्म १८४० साली पॅरिस येथे झाला. बालपण समुद्रकाठच्या ल हाव्र या बंदरगावी गेले. तरुणपणी चित्रे फारशी विकली जात नसत, घरात नेहमी चणचण. १८७९ साली पत्नी कामीय वारली. पदरात दोन मुलगे. पुढे १८८३ साली ते जिव्हर्नी या खेड्यात राहावयास गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

घराजवळच्या शेतात धान्याच्या गंजी रचलेल्या असत. १८९० च्या सुमारास त्यांनी त्यांचीच चित्रे काढावयास घेतली. सकाळच्या उन्हात गंज एका रंगाची दिसे, संध्याकाळी दुसऱ्या, बर्फ पडले की आणखी निराळ्या. म्हणून ते एकाच वेळी अनेक चित्रे हाती घेत. ऊन बदलले की हातातले चित्र बाजूला ठेवीत आणि त्या उन्हाचे दुसरे पुढे ओढीत. गंज तीच, पण तिच्यावरचा प्रकाश घडीभरही तसाच राहत नाही, आणि मोने यांना तो प्रकाशच पकडावयाचा होता.

१८९१ साली ते नदीकाठच्या पॉपलर झाडांची चित्रे काढीत होते. मध्येच झाडांचा लिलाव निघाला. तेव्हा त्यांनी लाकडाच्या व्यापाऱ्याला पदरचे पैसे दिले आणि चित्रे पुरी होईपर्यंत झाडे उभी ठेवविली!

१८९३ साली जागा घेऊन त्यांनी तळे केले व त्यात कुमुदिनी लावल्या. परक्या झाडांनी पाणी बिघडेल म्हणून शेजाऱ्यांनी आधी हरकत घेतली होती. पुढे हेच तळे त्यांच्या चित्रांचा विषय झाले.

मग दुःखे आली. १९११ साली दुसरी पत्नी आलिस गेली, १९१४ साली थोरला मुलगा गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. रंग ओळखू येईनात, तेव्हा नळ्यांवरची नावे पाहून ते रंग घेत. मनास न आलेली कित्येक चित्रे त्यांनी स्वतः नष्ट केली. पण तळ्याकाठी जाणे सोडले नाही. १९२३ साली एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ते पुन्हा कामाला लागले.

पहिले महायुद्ध १९१८ साली थांबले, तेव्हा त्यांनी तळ्याची भव्य चित्रे राष्ट्राला देऊ केली. ५ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले. पुढील वर्षी पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात दोन लंबवर्तुळाकार दालनांत ती चित्रे लावण्यात आली. त्यांची एकूण लांबी सुमारे ९१ मीटर आहे.

आपणही रोज त्याच तुळशीपुढे रांगोळी काढतो. उद्या सकाळी मुलांना हाताशी घेऊन दारातले एखादे झाड जरा निरखावे आणि सायंकाळी दिवा लावताना तेच पुन्हा पाहावे. काय काय बदलले ते मुलेच आपल्याला सांगतील.