खराटा आणि कीर्तन : गाडगेबाबांनी गावाला आरोग्य कसं शिकवलं

गंगापूर रोड (नाशिक) : पेठ, दिंडोरी, त्र्यंबककडून पेशंट घेऊन गंगापूर रोडच्या दवाखान्यांत येणाऱ्यांना माहीत आहे, रात्री नातेवाइकांनी टेकायचं कुठे हाच मोठा प्रश्न असतो. गाडगेबाबांनी तो फार आधी ओळखला. मुंबईत जे.जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली. आपल्या नाशकातही त्यांची धर्मशाळा आहे. २० डिसेंबर ही बाबांची पुण्यतिथी.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परीट घराणं. वडील दारूपायी गेले, तेव्हा पोर लहान. आई सखूबाईनं त्याला दापुऱ्याला माहेरी नेलं. मामाकडे गुरं राखली, नांगर धरला; शाळा नाहीच. पुढे मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे दारू-मटण न देता डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. १९०५ साली घर सोडलं.

गावात शिरले की बाबा कुणाला न विचारता खराटा घेऊन रस्ता झाडायला लागत. दिवसभर सफाई, रात्री कीर्तन. कीर्तन लोकांच्या ओळखीचं, म्हणून सगळं गाव जमायचं. बाबांनी साचा तोच ठेवला, आत माल वेगळा भरला. ते उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करायचे, तेही वऱ्हाडी बोलीत. नवसाला बोकड कापल्यानं दुखणं जातं का? दारूनं कुणाचं घर वर आलं? उत्तर समोरच्यांनीच द्यायचं. चारचौघांत स्वतःच्या तोंडानं दिलेलं उत्तर माणूस सहजी विसरत नाही.

देवाला त्यांनी नाकारलं नाही, नामाचा गजर चालूच असे. पंढरपूरला जात, पण दर्शनाच्या रांगेत न लागता चंद्रभागेचं वाळवंट झाडत. म्हणून लोकांना टोचलं तरी राग टिकला नाही. आज आरोग्याची पत्रकं गावोगाव वाटतात, त्यातले निम्मे शब्द आमच्या म्हाताऱ्यांना कळत नाहीत. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मागच्या रांगेतल्या बाईलाही त्यांचा शब्द न् शब्द कळे.

सरकारनं पुढे त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. बक्षिसासाठी गावं चकाचक झाली. काहींची झळाळी तपासणी पथक जाईपर्यंतच टिकली, हेही खरं.

१९५६ साली अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच बाबांनी देह ठेवला. त्याच्या थोडं आधी मुंबईत वांद्र्याला केलेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. मोबाइलवर सापडतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवून ऐका.