दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : ३१ जुलै १९०७, गोवा, मृत्यू : २९ जून १९६६, पुणे) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, इतिहासकार व संस्कृतचे अभ्यासक होते. पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे विद्वान धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील.

शिक्षण

धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करीत असल्याने दामोदर यांचे शालेय शिक्षण अमेरिकेतील केंब्रिज येथे झाले. पुढे त्यांनी हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला. गणित हा त्यांचा प्रमुख विषय होता. त्याबरोबरच त्यांनी अनेक युरोपीय भाषा व इतर विषयांचेही अभ्यासक्रम पूर्ण केले. एका सत्रात एका विषयातील श्रेणी किंचित घसरली, तेव्हा वडिलांनी नापसंती व्यक्त केली आणि दामोदर यांनी सुट्टीत इटालियन भाषेचा अभ्यासक्रम घेऊन त्यात सर्वोच्च श्रेणी मिळवली, अशी आठवण सांगितली जाते.

गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना केवळ गणितावर लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी तो मानला नाही. १९२९ मध्ये त्यांना सर्वोच्च सन्मानासह पदवी मिळाली; म्हणजेच इतर विषयांमुळे त्यांचे गुण कमी झाले नव्हते. तरीही हार्वर्डमधील त्यांचे शिक्षण पदवीच्या पुढे गेले नाही. त्याच वर्षी ते भारतात परतले. डॉक्टरेटसाठी एकाच विषयातील सखोल तयारी पाहिली जाते. कोसंबींचा कल मात्र अनेक विषयांच्या व्यासंगाकडे होता. त्यांनी पुढेही डॉक्टरेट मिळवली नाही.

अध्यापन व संशोधन

बनारस हिंदू विद्यापीठ व अलीगढ मुस्लिम विद्यापीठ येथे अध्यापन केल्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९४५ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. भूमितीतील त्यांच्या कार्याचा उल्लेख आज कोसंबी–कार्तान–चर्न सिद्धांत या नावाने होतो. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र मांडले. आनुवंशशास्त्रात ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

विद्यार्थिदशेत जोपासलेली बहुविषयक दृष्टी त्यांच्या इतिहासलेखनातही दिसते. वापरात असलेले नाणे झिजून हलके होते, या तत्त्वावर त्यांनी प्राचीन आहत नाण्यांची वजने घेतली आणि संख्याशास्त्राच्या आधारे नाण्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केली. वि. वि. गोखले यांच्यासमवेत संपादित केलेला ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्डच्याच प्राच्यविद्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. १९५६ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने भारतीय इतिहासाच्या अभ्यासात राजवंशांऐवजी उत्पादनपद्धती व समाजरचना यांना केंद्रस्थान दिले.

सन्मान

जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.